बोटभर कमी

मास्तरांनी जन्मभर खुर्च्यांच्या गाद्या केल्या आणि जन्मभर ते उभे राहिले. विमानातल्या बैठकी बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. एका टोकाला तापलेल्या तारेनं फोम कापायचं यंत्र, दुसऱ्या टोकाला शिलाई मशीनच्या दोन रांगा आणि मधे मास्तरांचं कापड बेतायचं टेबल. टेबलाला खुर्ची नव्हती. खुर्च्यांच्या कारखान्यात बसलेला माणूस साहेबांच्या डोळ्यांत खुपायचा. रिटायर झाले तेव्हा मास्तरांच्या पायांवरच्या शिरा सुतळीएवढ्या फुगलेल्या होत्या, आणि विमानात ते एकदाही चढलेले नव्हते.

पण कारखान्यात त्यांचं नाव होतं, आणि ते नाव होतं ‘बोटभर’. त्याची गोष्ट अशी.

रिटायर व्हायच्या सातेक वर्षं आधी विमान कंपन्यांना हलक्या गाद्या हव्या झाल्या. हलकी म्हणजे पातळ आलीच; पण पातळ दिसता कामा नये. इंजिनिअर मंडळींनी पंधरा दिवस कागद रंगवले. मास्तरांनी एका दुपारी करून दाखवलं. बसणाऱ्याचं माकडहाड जिथं टेकतं तिथं त्यांनी खालच्या बाजूनं बोटभर फोम कापून काढला, कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात एक चुणी घेतली आणि तिच्यावर दुहेरी टीप मारली. त्या चुणीनं कापड असं काही ताणलं गेलं, की गादी आधीपेक्षा गुबगुबीत दिसायला लागली. पोटात नाही दाणा आणि गाल मात्र वर, असला तो प्रकार.

नव्या गादीची परीक्षा घ्यायची कारखान्यात एक रीत होती. सगळ्यांत जाड कामगारानं आणि सगळ्यांत बारीक कामगारानं चहा संपेपर्यंत तिच्यावर बसायचं. चहा संपला आणि तक्रार नसली की गादी पास. मास्तरांच्या गादीवर जाड्या बसला, बारक्या बसला, हौसेनं साहेबही बसले. दहा मिनिटांत चहा संपला. रात्रभर कुणी बसून पाहिलं नाही. रात्रभर पुरेल एवढा चहा कारखाना देत नव्हता.

मास्तरांना बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते त्यांनी दारातून आत येणाऱ्याच्या बरोबर नजरेसमोर लावलं. आल्यागेल्याला सांगायचे, “विमानात बसणाऱ्या निम्म्या जगाखाली आपली गादी आहे.” बायकोनं, जिला सगळा कारखाना मास्तरीणबाई म्हणायचा, एकदा घड्याळ पुसता पुसता विचारलं होतं, “अहो, पण बसणाऱ्याला टोचत नसेल का?”

“टोचायला रात्रभर बसावं लागतं गं,” मास्तर म्हणाले होते. “आणि रात्रभर बसणारी माणसं काय आपल्या ओळखीची आहेत?”

तेव्हा दोघंही हसले होते.

या गोष्टीला तेरा वर्षं झाली. लेक तेव्हा परगावी शिकत होती; तिला घड्याळ माहीत होतं, बोटभर कापलेला फोम नाही. दोन वर्षांपूर्वी मास्तरीणबाईंच्या कंबरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. आणि आता परदेशातल्या लेकीला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, दोनदा मूल पोटातच गेल्यावर तिसऱ्यांदा दिवस गेले होते. सहावा लागला तसं डॉक्टरनं तिला सक्त सांगितलं, आडवं राहायचं, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलायचा नाही. जावई आठवड्यातले पाच दिवस नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. घरात तिसरं माणूस नाही. तेव्हा मास्तरीणबाईंनी जायचं, घर हातात घ्यायचं आणि हे मूल तरी पदरात पडू द्यायचं, असं ठरलं. त्यासाठी बाईंनी दोन महिने काय नाही केलं! रोज सकाळी जमिनीवर पडून व्यायाम, संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत सहा फेऱ्या. गुडघ्यात मान घालून बसलेल्या बाईनं पोरीसाठी पाठ सरळ केली. त्यांच्या डॉक्टरनं शेवटी मान डोलावली, पण अट घातली, “दर दोन तासांनी उठून चालायचं. आणि आडवं होता येईल अशी सीट मिळाली तर फार बरं.”

लेकीनं त्याच दिवशी फोन केला. “बाबा, मी तुम्हा दोघांची पुढच्या भागातली तिकिटं काढते. तिथं सीट पूर्ण आडवी होते.”

“कशाला? गादी ती गादीच. पुढच्यांना पडदा लावून देतात, एवढाच फरक.”

“अहो पण आईची पाठ...”

“मला खुर्च्या शिकवू नकोस,” मास्तर म्हणाले. “एकतीस वर्षं तेच केलंय.”

खरं तर त्यांना चांगलं ठाऊक होतं की पुढच्या भागाच्या गाद्या वेगळ्या शेडमध्ये, दुप्पट जाड फोमच्या व्हायच्या. पण लेकीच्या जिवावर पाय ताणून जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. आणि खोटं तरी का बोला, मागच्या भागात बसून आपल्या हातची करामत एकदा पाहावी अशीही एक खुमखुमी होती. मास्तरीणबाई फोनजवळच बसल्या होत्या. नवऱ्याला यातलं कळतं, असं त्या धरून चालल्या.

विमान संध्याकाळी सुटणार होतं आणि चौदा तासांनी पोचणार होतं. आपल्या रांगेत आल्यावर मास्तरांनी आधी काय केलं असेल, तर बॅग वर टाकायच्या ऐवजी वाकून गादीच्या मागच्या कोपऱ्यात बोटं घातली. मागे माणसं तुंबली. मास्तरांच्या बोटांना चुणी लागली, चुणीवरची दुहेरी टीप लागली.

“अगं, ही आपली!” ते जवळजवळ ओरडलेच. “बघ, कोपरा बघ. हा माझाच कट.”

“बरं झालं,” मास्तरीणबाई हसून म्हणाल्या. “म्हणजे घरच्याच गादीवर झोपल्यासारखं.”

त्या मधल्या जागेवर बसल्या, मास्तर वाटेकडच्या. खिडकीशी एक पोक्त बाई होती. तिलाही मास्तरांनी गादीची हकीकत सांगायला घेतली. ती दोन वाक्यं ऐकून हसली आणि तिनं कानाला हेडफोन लावले.

पहिले दोन तास मजेत गेले. जेवणाचे ट्रे आले. पुढच्या माणसानं आपली पाठ मागे टाकली, तेव्हा ट्रे मास्तरांच्या छातीला आणि झाकण हनुवटीला भिडलं. पण त्याचंही त्यांना कौतुक वाटलं, बिजागरी कशी लोण्यासारखी चालते म्हणून. मास्तरीणबाई डॉक्टरच्या शिस्तीनं उठल्या, शौचालयापर्यंत दोन फेऱ्या मारून आल्या. दिवे मालवले. पुन्हा दोन तासांनी उठल्या. तिसऱ्यांदा उठायची वेळ आली आणि विमानाला हिसके बसायला लागले. पट्टा बांधायचा दिवा लागला. कुणीही उठू नये, अशी सूचना झाली.

तो दिवा चार तास विझला नाही.

पहिल्या तासात मास्तरीणबाईंनी कूस बदलून पाहिली. पण त्या जागेत कूस बदलायची म्हणजे एका गुडघ्याची परवानगी काढून दुसरा हलवायचा. दुसऱ्या तासात त्यांनी दोन्ही हात बैठकीवर रोवून स्वतःला जरा वर उचलून धरलं. हात थरथरायला लागले तशा पुन्हा टेकल्या. मास्तरांनी आपलं पांघरूण घडी करून त्यांच्याखाली सरकवलं. ते गुळगुळीत पांघरूण पाच मिनिटांत निसटून पायाशी आलं. स्वेटर दिला, त्याचा गोळा झाला. उशी दिली, ती तर नावाचीच उशी.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “ही मागे अशी खोल का लागते? खाली काहीतरी कडक आहे. बरोबर हाडावर येतंय.”

मास्तरांना न बघता दिसत होतं. चार तास एका जागी वजन पडलं की फोम दबतो, दबून वाटीसारखा होतो आणि वाटीच्या तळाशी बैठकीची पत्र्याची पट्टी लागते. बोटभर फोम जास्त असता तर ती लागली नसती. आता मास्तरीणबाईंचं हाड आणि तो पत्रा यांच्यामधे एक कापड होतं आणि मास्तरांची कीर्ती होती.

“तू वाकडी बसली आहेस,” मास्तर म्हणाले. “जरा सरळ बस.”

बाई सरळ बसल्या. दुखणाऱ्या माणसाला खोटं सांगणं सोपं असतं, तो निमूट ऐकतो. पण मास्तरांना आपल्याच शब्दांची शिसारी आली. त्यांनी डोळे मिटून घेतले. शेजारी दात आवळून घेतलेल्या श्वासाचा आवाज येत होता.

थोड्या वेळानं त्यांना जाणवलं, की बायकोचा हात त्यांच्या गादीच्या मागच्या कोपऱ्यात काहीतरी चाचपतोय. बोटं चुणीवरून फिरली, दुहेरी टिपेवरून फिरली आणि थांबली.

“घड्याळ मिळालं ते याच गादीला ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

मास्तर वाट बघत होते, की आता ही बोलेल, रागावेल, निदान कपाळावर हात मारून घेईल. त्यांनी हात काढून घेतला आणि त्या समोरच्या काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

दिवा विझल्याबरोबर मास्तर ताडकन उठले. गादी खाली वेल्क्रोच्या पट्ट्यांवर बसवलेली असते, कोपरा धरून हिसका दिला की निघते, हे त्या विमानात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? एका हिसक्यात त्यांनी आपली गादी उपटली. चर्र आवाज झाला, चार माणसं जागी झाली. “ऊठ, ही घे खाली. दोन गाद्या झाल्या म्हणजे टोचणार नाही.”

“अहो, काय करताय? लोक बघताहेत.”

लोक बघत होतेच, आणि एअर होस्टेसही धावत आली होती. “सर, सीट अशी काढता येत नाही. प्लीज, जागच्या जागी लावा.”

“अहो बाई, ही मीच बनवलीय,” मास्तर गादी छातीशी धरून म्हणाले.

“हो सर. पण लावा.”

“खरंच सांगतो. हिच्यात बोटभर फोम कमी आहे. मला माहीत आहे, मीच कापलाय. माझ्या बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय हो!”

त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मास्तरांनी नीट ओळखलं. म्हातारा बिथरलाय, सांभाळून घ्यायला हवं, असं ते होतं. तिनं गोड आवाजात पाणी हवं का विचारलं, पुढे कुठे रिकामी जागा आहे का पाहून येते म्हणाली, पाहून आली, नव्हती. तेरा वर्षं मास्तर भेटेल त्याला सांगत आले होते की ही गादी माझी, आणि सगळ्यांचा विश्वास बसला होता. आज पहिल्यांदा गळ्याशी आल्यावर सांगितलं, तर कुणाचा बसेना. त्यांनी गादी पुन्हा पट्ट्यांवर दाबून बसवली. बसवताना सवयीनं कोपरा ओढून सरळही केला.

मग त्यांनी दोन खुर्च्यांमधला हात वर केला, बायकोला दोन जागांवर पाय मुडपून आडवं केलं आणि स्वतः वाटेत उभे राहिले. उभं राहणं त्यांना येत होतं, तेच तर जन्मभर केलं होतं. गाडी ढकलत कुणी आलं की ते शौचालयाच्या दारापर्यंत मागे सरायचे, पुन्हा पुढे यायचे. मास्तरीणबाईंचा अर्धा तास डोळा लागला असेल. तेवढ्यात पुन्हा हिसका बसला, पुन्हा दिवा लागला. “सर, बसून घ्या.” मास्तर बसले नाहीत. दुसऱ्यांदा एक तगडा पुरुष कर्मचारी आला आणि त्यानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं. मास्तरीणबाईंनी स्वतःच उठून जागा केली.

“बसा हो,” त्या म्हणाल्या. “शोभा पुरे झाली.”

उठून बसताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मास्तरांनी ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्रीही ऐकला नव्हता. सकाळ होता होता त्यांनी सांगितलं, की डावा पाय कळत नाहीये.

विमान उतरलं. सगळी माणसं गेली तरी ही दोघं बसून होती. चाकांची खुर्ची आली, दोघांनी धरून मास्तरीणबाईंना तिच्यात ठेवलं. मास्तर बॅग घ्यायला मागे वळले. मधल्या जागेवरच्या गादीत खोलगट खड्डा तसाच होता. त्यांनी तळवा दाबून पाहिला. चांगला फोम हात काढला की वर येतो. हा वर आला नाही.

लेकीच्या घराचं दार लेकीनंच उघडलं, एक हात भिंतीला आणि एक पोटाला लावून. जावई खुर्ची ढकलत आत आला. तिनं खुर्चीतली आई पाहिली. जिच्यासाठी तिनं दोन महिने दिवस मोजले होते, ती आई. ती पटकन पुढे वाकायला लागली तशा मास्तरीणबाई ओरडल्या, “वाकू नकोस! खबरदार वाकलीस तर!” आणि मग दोघी जिथल्या तिथे रडायला लागल्या. दोघींपैकी एकीलाही दुसरीला जवळ घेता येत नव्हतं.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी त्या घराची गत झाली. तिथल्या डॉक्टरनं मास्तरीणबाईंना तपासून सहा आठवडे पाठीवर झोपून राहायला सांगितलं. लेकीला सात आठवडे उरले होते. पहिल्याच रात्री आईला शेकायला पाणी तापवायला म्हणून लेक उठली, तर तिच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि पहाटे दवाखाना गाठावा लागला. थोडक्यात निभावलं. पुन्हा असं झालं तर माझ्याकडे येऊन रडू नका, असं डॉक्टर म्हणाला. जावई दोन दिवस थांबला आणि नोकरीवर गेला, त्याला जाणं भाग होतं. एका खोलीत दोन खाटा शेजारी शेजारी लावल्या. एकीवर मास्तरीणबाई, एकीवर लेक. मधल्या हातभर वाटेत मास्तर. ज्यांनी जन्मात कधी चहासुद्धा केला नव्हता, ते करपलेलं खाणं दोघींच्या पुढ्यात धरून उभे राहायचे. दोघीही पाण्याच्या घोटाबरोबर गिळायच्या.

चौथ्या दिवशी लेकीनं पडल्या पडल्या लॅपटॉप पोटाशी घेतला. “मी यांना सोडणार नाहीये,” ती म्हणाली. “विमान कंपनीकडे लेखी तक्रार करतेय. असल्या सीट बनवतात मेले! बाबा, तुम्हाला यातलं कळतं. नेमकं काय चुकलंय ते तुम्ही सांगा, मी लिहिते.”

तक्रार म्हणजे वरातीमागून घोडं, हे मास्तरांना कळत होतं. पण पोरगी बोटं तयार ठेवून त्यांच्याकडे बघत होती. शेजारच्या खाटेवर मास्तरीणबाई छताकडे तोंड करून पडल्या होत्या.

“लिही,” मास्तर म्हणाले. “बैठकीच्या मागच्या भागात फोम कमी आहे.”

“किती कमी?”

“बोटभर.”

“अंदाजे?”

“अंदाजे नाही. बरोबर बोटभर.” त्यांचा आवाज नेहमीसारखा, गिऱ्हाइकाला समजावून सांगावा तसा येत होता, आणि त्याचीच त्यांना भीती वाटत होती. “वरून कळत नाही. मागच्या कोपऱ्यात चुणी घेऊन कव्हर ताणलंय, त्यामुळे गादी भरलेली दिसते. चार तास बसलं की फोम दबतो आणि खालचा पत्रा लागतो.”

लेकीची बोटं थांबली. “म्हणजे हे चुकून झालेलं नाही. भरलेली दिसावी म्हणून मुद्दाम केलंय?”

“मुद्दाम.”

“कसली माणसं असतात हो!” ती म्हणाली. “हे करताना त्या माणसाच्या मनात काही आलं नसेल? कोण करतं असलं काम, बाबा?”

मास्तरांनी तोंड उघडलं. गेल्या तेरा वर्षांत या प्रश्नाचं उत्तर त्यांनी शेकडो वेळा, न विचारता दिलं होतं.

“असेल कुणीतरी,” मास्तरीणबाई छताकडे बघतच म्हणाल्या. “रात्रभर बसणारं ज्याच्या ओळखीचं कुणी नसेल, असा. तू लिही पुढे.”

लेकीनं मान हलवली आणि पुढे लिहायला लागली. “बाबा, तुम्ही बसा ना,” ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. “केव्हाचे उभे आहात.”

मास्तर उभेच राहिले.